साइझिंग डायमध्ये दर जूनला अडकणारा पितळी जॉब

आमचा जॉब, म्हणजे आम्ही बनवतो तो भाग, साधा आहे. पितळेचं एका बाजूने बंद असलेलं कवच, तोंडाला बारीक काठ, बाहेरचा व्यास 14.75 मिलिमीटर, भिंत 0.8, लांबी 42. एका मापक यंत्राच्या सेन्सरवर ते बसतं. पट्टीतून चकती, चकतीचे तीन ड्रॉ, म्हणजे टप्प्याटप्प्याने ओढून खोल करणं, मधे भट्टीत नरम करणं आणि शेवटी साइझिंग, म्हणजे नेमक्या मापात आणणं. साइझिंगला हातप्रेसवर जॉब डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबायचा आणि खालून नॉकआउटने, म्हणजे ढकलायच्या पिनेने, वर काढायचा. तोंडाला काठ असल्यामुळे तो आरपार ढकलता येत नाही. व्यास कमी होतो जेमतेम दीड दशांश मिलिमीटर. वर्षातले दहा महिने इथे कुणी लक्षही देत नाही. मेचा शेवटचा आठवडा उजाडला की जॉब डायमध्ये जे बसतात ते बसतातच. नॉकआउटची पिन बुडाला खड्डा पाडते, कधी बूड फोडून वर येते, आणि नळी आत तशीच.

सलग तीन वर्षं हे झालं. पहिल्या वर्षी दोष डायला दिला आणि डायमंड पेस्ट लावून ती घासली. दुसऱ्या वर्षी परत घासली. दोन वेळा घासल्याने आतलं माप 14.73 वरून जवळजवळ 14.75 झालं, जॉब मोठे यायला लागले आणि शेवटी नवी डाय करावी लागली. तिसऱ्या वर्षी नव्या डायमध्येही जॉब अडकले तेव्हा तेलाला दोष दिला, तेल दुप्पट केलं, आणि अडकायच्या जोडीला जॉबवर पोचे यायला लागले. खरं कारण गाळ्याबाहेर, पाण्याच्या टँकरमध्ये होतं. तिथे येतोच, पण तुमचा जॉब आत्ता अडकलेला असेल तर आधी तो काढू.

डायला गॅसची ज्योत लावू नका. हा पहिला मोह होतो, कारण लोखंडी कडं तापवून चाकावर चढवलेलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. इथे आत पितळ आहे आणि बाहेर पोलाद. पितळ एका अंशाला पोलादाच्या दीड ते पावणेदोन पट, म्हणजे साधारण 19-20 विरुद्ध 11-12 दशलक्षांश फुगतं. दोन्ही तापलं की जॉब अजून घट्ट. शिवाय एचसीएचसीआरच्या, म्हणजे जास्त कार्बन-क्रोमियमच्या पोलादाच्या, डायचं पाणी दोनशे अंशांच्या आसपास उतरवलेलं असतं. ज्योतीने ती निळी पडली की तिचा कडकपणा गेला.

उलट करा, गार करा. डाय जॉबसकट रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. आम्ही खालच्या आइसक्रीमवाल्याला विनंती केली. त्याने पिशवीत नीट बांधून आणा म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. तीस अंशांवरून उणे वीसवर गेलं की 15 मिलिमीटर व्यासात पितळ पोलादापेक्षा सहा मायक्रॉन जास्त आकसतं. आकडा किरकोळ वाटतो, पण जॉब आतून भिंतीला रेटत असतो तो दोन ते चार शतांशांनी, त्यामुळे पकड बऱ्यापैकी सैल होते. बाहेर काढल्या काढल्या, दव धरायच्या आत, नॉकआउट द्या. आणि पिनेचं टोक बारीक असेल तर आधी त्यावर बुडाच्या मापाची टोपी बसवा. बारीक पिन जॉब काढत नाही, भोसकते.

तरीही नाही निघाला तर टॅप, म्हणजे आतून आटे कापायचं अवजार. आमच्या जॉबचा आतला व्यास 13.15 आहे, त्यात एम-14 बाय 1 चा बारीक आट्याचा टॅप तोंडाकडून सात-आठ आटे बसतो. मग त्यात बोल्ट फिरवायचा, डायवर दोन ठोकळ्यांचा पूल ठेवायचा आणि वरून नट आवळत जॉब ओढायचा. बऱ्याचदा टॅपच्या पिळानेच तो सुटतो. हा उपाय आम्ही काडतुसं पुन्हा भरणाऱ्या परदेशी लोकांकडून उचलला. उडवलेलं काडतुस बंदुकीच्या चेंबरमध्ये फुगतं, ते परत मापात आणायला डायमध्ये दाबावं लागतं, आणि वंगण कमी पडलं की तेही असंच अडकतं. त्यांचं बूड जाड असतं, म्हणून ते बुडालाच भोक पाडून आटे कापतात. आमचं बूड भिंतीइतकंच पातळ, त्यात एक आटाही पूर्ण बसत नाही, म्हणून आम्ही भिंत वापरतो.

शेवटचा उपाय लेथचा. डाय चकमध्ये बरोबर मध्यावर धरून जॉब आतून बोअर करत जायचं, भिंत कागदासारखी उरली की टोकदार अवजाराने आत दुमडायची. घाईचं काम नाही. एकदा घाई केली आणि बोअरिंग बार डायला लागला. ती डाय अजून फळीवर आहे, पेपरवेट म्हणून.

आता अडकलेला जॉब फेकू नका. तो उजेडात धरा. आमचे प्रेसवरचे मामा हे माझ्या आधीपासून करायचे, मीच लक्ष देत नव्हतो. "दादा, डाय बोलत नाही, जॉब बोलतो," असं ते म्हणायचे, आणि मी पेस्टची डबी शोधत असायचो.

जॉबवर उभे, चकचकीत ओरखडे असतील आणि ते सगळ्या जॉबवर एकाच जागी असतील, तर डायला पितळ चिकटलेलं आहे. नखाने डायच्या आत फिरवून बघा, खरखर लागते. ओरखडे दर जॉबवर वेगळ्या जागी असतील तर डाय निर्दोष आहे आणि वंगण तुटक बसतंय. ओरखडे नाहीतच, जॉब गुळगुळीत आहे, पण बाहेर काढल्यावर माप 14.77-14.78 येतंय, तर पितळ नरम झालेलं नाही. आमचे तिन्ही वर्षांचे जॉब दुसऱ्या प्रकारचे होते. ओरखडे सगळीकडे, जागा ठरलेली नाही. हे पहिल्याच वर्षी पाहिलं असतं तर एक डाय वाचली असती.

ड्रॉला आम्ही साबण वापरतो. साबणाचे काप गरम पाण्यात विरघळवायचे, साठ-सत्तर अंशांवर जॉब बुडवायचे, जाळीवर पंख्याखाली वाळवायचे. वाळल्यावर पितळेवर साबणाचा पातळ, कोरडा थर राहतो, आणि खरं वंगण म्हणजे तोच थर. पितळ आणि पोलाद एकमेकांना कुठेही उघडे भेटता कामा नयेत. जिथे भेटतात तिथे पितळाचा कण डायला चिकटतो, पुढचा जॉब त्या कणावर घासतो, तो कण मोठा होतो. साइझिंगला जोर कमी लागतो म्हणून आम्ही तोच साबणाचा थर पुढे चालवायचो, वरून थोडं तेल.

मेअखेरीला मुंबईत काय होतं? तलाव खाली जातात, पालिका पाणीकपात लावते, आणि आमच्या इस्टेटमध्ये टँकर येतो. टँकरचं पाणी बहुधा बोअरवेलचं किंवा विहिरीचं. नळाला येणारं तलावाचं पाणी मऊ, त्यात साबण लगेच फेसाळतो. बोअरवेलचं पाणी जड. त्यातला कॅल्शियम साबणाला पकडतो आणि दह्यासारखे पांढरे कण होतात. टाकीत साबण तेवढाच टाकलेला असतो, पण विरघळलेला उरतो निम्माही नाही. जॉबवर कुठे कण चिकटतात, कुठे उघडं पितळ राहतं. खरं तर कॅल्शियमचा साबण स्वतः वाईट वंगण नाही, तार खेचणारे त्याची कोरडी पूड मुद्दाम वापरतात. पण तिथे तार त्या पुडीच्या डब्यातूनच ओढली जाते. आमच्या जॉबवर ठिपके बसतात, थर नाही.

हे आम्हाला कळलं ते टाकी धुणाऱ्या पोऱ्यामुळे. तो म्हणाला, या महिन्यात टाकीच्या कडेला पांढरं जास्त चिकटतं, आणि घरी आईचा साबणही टँकर आला की असाच फाटतो. तीन वर्षं मायक्रोमीटर घेऊन फिरणाऱ्या माणसाला हे ऐकून कसं वाटलं ते सोडून द्या.

तपासणी फुकट आहे. एका बाटलीत रोजचं पाणी, दुसरीत टँकरचं, दोन्हींत साबणाचा सारखाच कीस, बूच लावून वीस वेळा हलवा. एकीत फेस टिकेल, दुसरीत गढूळ पाण्यावर साय येईल. जड पाणी असेल तर साबणाआधी धुण्याचा सोडा घाला, कॅल्शियम खाली बसू द्या, वरचं पाणी वापरा. आम्ही आता त्या महिन्यात साबणाच्या टाकीसाठी आरओचं पाणी आणतो, वीस लिटरचे दोन जार पुरतात.

याच्या पाठोपाठ पावसाळा येतो आणि दुसरीच अडचण उभी राहते. टँकर बंद होतो, पाणी मऊ होतं, पण जुलैत साबण वाळतच नाही. पंखा कितीही फिरवा, हवेतच इतका ओलावा की थर बुळबुळीत राहतो. ओला थर डायच्या तोंडाशीच पुसला जातो. यावर आम्ही आधी जाळीखाली दोन मोठे बल्ब लावले, ड्रॉपुरतं ते चाललं. साइझिंगसाठी मात्र साबण कायमचा सोडला आणि लॅनोलिन धरलं.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनांच्या दुकानात डब्यात मिळते, मधासारखी घट्ट आणि मेंढरासारख्याच वासाची. काडतुसवाल्यांचं हे आवडतं वंगण आहे. एक भाग लॅनोलिन, दहा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. आधी लॅनोलिनची बाटली गरम पाण्यात उभी करून पातळ करा, मग अल्कोहोलमध्ये ओता, नाहीतर गुठळ्या तळाशी बसतात. जॉब ट्रेमध्ये पसरायचे, फवारायचं, ट्रे हलवायचा, परत फवारायचं. आणि मग थांबायचं. इथेच लोक चुकतात. अल्कोहोल उडून जायला हवं, ते ओलं असताना जॉब डायमध्ये गेला तर ते लॅनोलिनला धुऊन बाजूला सारतं आणि जॉब अडकतो. उन्हाळ्यात दहा मिनिटं पुरतात, जुलैत अर्धा तास तरी द्या. बोटाला ओलं न लागता किंचित चिकट लागलं की तयार. हे काम नरम करायच्या भट्टीपासून लांब, उघड्या खिडकीशी करा. आयसोप्रोपिलची वाफ पेट घेते.

गंधक असलेली जोरकस ड्रॉइंग तेलं पितळेला लावू नका. पोलादावर उत्तम चालतात, पितळेवर काळे डाग पाडतात, आणि पॉलिशवाला तुमच्या नावाने ओरडतो.

जास्त तेलाची गोष्ट थोडक्यात सांगतो. जास्त म्हणजे चांगलं नाही. बंद बुडाच्या कोपऱ्यात तेल साठलं की त्याला जायला जागा नसते, तेल दबत नाही, मग पितळच आत दबतं. हेच पोचे. काडतुसाच्या खांद्यावर असेच पोचे येतात. उपाय दोन, वंगण पुसटसं लावणं आणि डायच्या बुडाशी एक-दीड मिलिमीटरचं हवेचं भोक. भोक असेल तर ते मधूनमधून तारेने मोकळं करा. आमचं भोक लॅनोलिनने बुजलं होतं आणि आठवडाभर आम्ही फवारणी करणाऱ्याला बोल लावत होतो.

तिसऱ्या प्रकारच्या जॉबकडे, म्हणजे गुळगुळीत पण मापाबाहेरच्या, वेगळं बघावं लागतं. पितळ दाबलं की कडक होतं, आणि कडक पितळ डायमधून सुटताना जास्त उसळतं. आमच्या डायचं माप 14.73. नीट नरम झालेला जॉब बाहेर येऊन 14.75 होतो, नरम करायचा राहून गेलेला 14.775 च्या आसपास. तोच दाब तो डायच्या भिंतीवर देत असतो, म्हणून तोच आधी अडकतो. नरम करायला आम्ही 600 ते 650 अंश देतो. नेहमीचं 70-30 पितळ, सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त, याला काडतुसी पितळ असंच म्हणतात, कारण इतक्या खोल ड्रॉला ते सगळ्यात चांगलं सोसतं. पण भट्टी चढली तर कण मोठे होतात आणि पुढच्या ड्रॉला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. भट्टीनंतर सौम्य गंधकाम्लात जॉब साफ केले तर ते नीट धुवा. आम्लाचा अंश राहिला की साबण तिथेही फाटतो.

पट्टी गुलालवाडीच्या धातूबाजारातून घेताना 70-30 च आहे याची खात्री करा. 63-37 थोडं स्वस्त पडतं, दिसायला किंचित जास्त पिवळं असतं, पहिला ड्रॉ निभावतो आणि तिसऱ्याला दगा देतो. आयएस 410 या भारतीय मानकात दोन्ही दर्जे आहेत, तेव्हा बिलावर फक्त "आयएस 410" लिहून चालत नाही, दर्जाही लिहून घ्या.

एवढं सगळं जमलं आणि मग ऑगस्टमध्ये ग्राहकाचा फोन आला. जॉब मापात होते, गुळगुळीत होते, आणि पेटीतल्या पेटीत उभे चिरले होते. कुणी हात लावलेला नव्हता.

आमचा गाळा गोरेगाव पूर्वेला, आरेच्या बाजूचा. आरे दुग्ध वसाहत 1949 सालची, शहरातले गोठे तिकडे हलवले गेले, आणि त्या पट्ट्यात आजही म्हशींचे तबेले आहेत. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे एक आहे. पावसात तिथून येणारा वास डोळ्यांत पाणी आणतो. तो अमोनिया. माल त्याच भिंतीशी ठेवला होता.

पितळाला हा रोग जुना आहे आणि त्याची पहिली मोठी नोंद आपल्याकडचीच. इंग्रजांच्या फौजा पावसाळ्यात दारूगोळा घोड्यांच्या पागेत ठेवायच्या, आणि पाऊस सरला की काडतुसं आपोआप चिरलेली निघायची. म्हणून इंग्रजीत या चिरेला मोसमावरूनच नाव पडलं. कारण 1921 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी उलगडलं. ड्रॉ आणि साइझिंगने पितळात ताण अडकून राहतो, आणि ओल्या हवेतला अमोनिया त्या ताणलेल्या कणांच्या कडांनी आत शिरतो. ताण नसेल तर नुसत्या अमोनियाने चीर जात नाही, अमोनिया नसेल तर नुसत्या ताणाने जात नाही. आमच्याकडे दोन्ही होतं, वर पाऊस.

उपाय म्हणजे साइझिंगनंतर जॉब 260 ते 300 अंशांवर एक तास भाजणे. इतक्या उष्णतेला पितळ नरम पडत नाही, आत अडकलेला ताण तेवढा सुटतो. माप थोडं हलू शकतं, म्हणून आधी पाच-सहा जॉब भाजून मोजा आणि मगच अख्खा लॉट आत टाका. आमचे जॉब अर्धा शतांश हलले, चालण्यासारखं. परीक्षेसाठी दोन जॉब झाकणाच्या बरणीत, तळाशी थोडा लिक्विड अमोनिया ओतून त्याच्या वर टेकवलेल्या जाळीवर, एक दिवस ठेवा. ताण राहिला असेल तर चिरा दिसतात. बरणी गच्चीवर उघडा आणि तोंड बाजूला धरा. पाऱ्याच्या क्षाराची जुनी चाचणी जलद आहे, पण पारा गाळ्यात आणू नका.

कुणीतरी विचारणारच म्हणून सांगतो. ही डाय, हे लॅनोलिन बघून एक गृहस्थ रिकामी काडतुसं मापात आणून द्याल का विचारत आले होते. नाही म्हटलं. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही दारूगोळ्यातच मोजली जातात, आणि परवान्याशिवाय ते काम गुन्हा आहे. परदेशी छंदवाल्यांकडून युक्ती घ्यावी, काम घेऊ नये.

कार्बाइडची, म्हणजे पोलादापेक्षा कितीतरी कठीण पदार्थाची, डाय घ्यावी का, हेही बरेच जण विचारतात. पितळ तिला सहजी चिकटत नाही, सरळ भिंतीची पिस्तुलाची काडतुसं तर तिच्यात वंगणाशिवाय मापात येतात. पण ती ठिसूळ असते, तिला बाहेरून पोलादी कडं चढवावं लागतं, आणि आमच्या महिन्याच्या चार हजार जॉबला तो खर्च परवडत नाही. लाखात काम असेल तर घ्या. आम्ही माल ठेवायची फळी तबेल्याच्या भिंतीपासून पुढच्या शटरजवळ आणली, साबणाच्या टाकीवर खडूने "टँकर? आरओ" असं लिहिलं, आणि या जूनला फ्रीझरसाठी आइसक्रीमवाल्याकडे जावं लागलं ते एकदाच, तेही नवा पोऱ्या ओले जॉब उचलून प्रेसवर गेला म्हणून.